फाटकावरचा आवाज

।। श्री ।।

झाशी, ४ डिसेंबर १९५८

ती. वसुंधराताईस,
रमाकांतचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर नाही म्हणून तू मनातल्या मनात मला चांगलं फैलावर घेतलं असशील, ते पोचलं. जानकीचा खोकला थोडा कमी आहे. बकुळ शाळेत रमली, पण आता घरातही हिंदीच बोलते. तू तिची आत्या राहिली नाहीस, बुआ झाली आहेस. पुण्याच्या प्राध्यापिकाबाईंना हे गोड मानून घ्यावं लागेल.

आता खरं लिहितो. गेल्या शनिवारी दुपारी माझ्या ड्यूटीत अपघात झाला. झाशीबाहेरच्या माझ्या लहान स्टेशनाजवळचं फाटक उघडं होतं आणि मालगाडीनं एका बैलगाडीला धडक दिली. जगन्नाथ नावाचा म्हातारा शेतकरी बरुआसागरच्या बाजाराला निघाला होता. एक बैल जागच्या जागी गेला, जगन्नाथचा पाय मोडला. तो इथं झाशीच्या इस्पितळात आहे.

तुला आम्हा स्टेशनमास्तरांची रीत सांगतो. गाडी यायच्या आधी मी फाटकावर फोन करतो. फाटकवाला फाटक लावतो आणि त्याच्याजवळच्या छापील कागदावरचा पुढचा नंबर मला सांगतो. तो मी रजिस्टरात लिहिला, की फाटक बंद झालं असं धरायचं आणि सिग्नल पाडून गाडीला वाट द्यायची. रजिस्टरात त्या गाडीपुढे सत्तेचाळीस नंबर माझ्या अक्षरात आहे. पण फाटकवाला विठोबा म्हणतो, घंटी वाजलीच नाही. मग नंबर कसा दिलास असं साहेबांनी विचारलं, तर तो खाली मान घालून गप्प बसला. त्याला सस्पेंड केलं आहे. नोकरीची तीन वर्षं उरली आहेत, आणि दोष त्याच्यावर आला तर नोकरी, पेन्शन, फाटकाजवळची खोली, सगळंच जाईल. विठोबा आपल्या भुसावळकडचा. त्या स्टेशनावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

सतरा तारखेला चौकशी आहे. मला लेखी जबाब द्यायचा आहे. फोन केल्याचं मला स्वच्छ आठवतं. मग तीन ओळी लिहायला चार दिवस का लागावेत? कागद घेऊन बसतो आणि उठतो. तुझी ती नवी लिखाणाची तऱ्हा कुठवर आली? माणसाच्या मनातलं सगळं लिहून काढतात म्हणे. माझ्या मनातलं कुणी काढून देईल तर बघ.

थोरलेपणा आहेच, माया पण तितकीच राहू दे.

तुझा
रमाकांत


पुणे, ८ डिसेंबर १९५८

चि. रमाकांत यास वसुंधरेचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून जीव घाबरा झाला. सगळं पाच दिवस पोटात ठेवलंस, हा तुझा लहानपणापासूनचा गुण. पतंगाच्या मांज्यानं बोट कापलं होतं तेव्हाही हात पाठीमागे धरून जेवायला बसला होतास.

तू थट्टेनं विचारलंस, पण मी खरंच उत्तर देते. त्या तऱ्हेला, मागच्या पत्रात लिहिलं तसं, आम्ही संज्ञाप्रवाह म्हणतो. जानेवारीत मला त्यावर व्याख्यान द्यायचं आहे. नेहमीच्या गोष्टीत लेखक सगळं नीट रचून सांगतो, आधी हे झालं, म्हणून ते झालं. पण आपलं मन असं चालत नाही. भाजी चिरताना आपण एकाच वेळी भाजीत, कालच्या भांडणात आणि तीस वर्षांपूर्वीच्या अंगणात असतो. हे लेखक मन जसं चालतं तसंच उतरवतात, मधे पडत नाहीत.

तुझं अडतंय, कारण तू जबाब रचतो आहेस. एकदा न रचता लिहून बघ. गाडीची खबर आल्यापासून धडक होईपर्यंत मनात काय काय होतं, ते सगळं. पूर्णविराम नको, खाडाखोड नको, आणि ‘म्हणून’ हा शब्द अजिबात नको. त्यात फोन सापडेल, तुझी खात्री होईल, आणि मग तीन ओळी आपोआप लिहून होतील.

यात माझाही स्वार्थ आहे, लपवत नाही. खऱ्या माणसाचा असा एक उतारा हाताशी आला तर व्याख्यानात जीव येईल. तुझं नाव घेणार नाही. जानकीला काढा देत जा. बुआ म्हटलेलं चालेल, विसरू नका म्हणजे झालं.

तुझी काळजी वाहणारी
ताई


झाशी, १२ डिसेंबर १९५८

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काल जानकी आणि बकुळ देवळात गेल्या होत्या, तेवढ्यात बसलो. तू सांगितलंस तसा हात थांबवला नाही. खाली तेच उतरवून पाठवतो, एक शब्द बदललेला नाही.

बारा पंचवीस, पलीकडच्या स्टेशनानं गाडी विचारली, मालगाडी, घेतली, दौतीतली शाई संपत आलीय, टेबलावर उन्हाचा चौकोन पडलाय, रजिस्टरच्या कडेला लागलाय, बकुळनं सकाळी विचारलं बाबा रेल थकती है क्या, मी म्हणालो थकते, म्हणून पाणी पिते, आणि ‘म्हणून’ लिहायचं नव्हतं, असू दे, मग ती जेवते काय, कोळसा, भूक लागलीय, डब्यात मेथी आहे, आईची मेथी कडू व्हायची, आम्ही कधी सांगितलं नाही तिला, ती गेली तेव्हा मी सात वर्षांचा, ताईनं माझी पांढरी चड्डी काळ्या दोऱ्यानं शिवली होती, मुलं हसली, ताईला सांगितलं नाही, ताईचं पत्र खिशात आहे, संज्ञाप्रवाह, केवढा शब्द, फलाटावर आल्याच्या गोण्या, वास इथपर्यंत येतोय, जानकीच्या खोकल्याला थोडं न्यायला हवं, मालगाडी, नंबर लिहिलेला आहे, सत्तेचाळीस, सकाळच्या पॅसेंजरच्या वेळीच घेतला, मीच म्हणालो विठोबा, पुढच्या गाडीचाही देऊन ठेव, रोज घेतो, सगळेच घेतात, नंबर आधी घेतला तरी फोन मी करतोच, फोन केला, हँडल फिरवलं, विठोबा म्हणाला, काय म्हणाला विठोबा, तो फोनवर नेहमी आधी विचारतो, जेवलात का बाबूजी, मी न जेवताच हो म्हणतो, नाही म्हटलं तर रागावतो, काय म्हणाला विठोबा, भूक लागलीय, डबा गाडी गेल्यावर उघडू, सिग्नल पाडला, चौकोन आता दौतीवर आलाय, इंजिनाची शिट्टी, लांब, फार लांब, थांबत का नाही

इथं हात थांबला, ताई. पुन्हा पुन्हा वाचलं. मेथी आहे, दोरा आहे, शाई आहे. सकाळचा विठोबाही आहे. पण साडेबाराला मला जेवलात का असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो, आणि त्या म्हाताऱ्याशी खोटं बोलल्याची रोजची चुटपुट मनात आली असती. ती कुठंच नाही. रोज करतो तो फोन मला आठवत होता, त्या दिवशीचा नव्हे. मी फोन केला नाही.

नंबर सकाळीच मागून घेतला होता, हे मागच्या पत्रात तुला लिहिलं नव्हतं. साहेबांनाही सांगितलं नाही. विठोबा गप्प बसला तो यामुळेच. नंबर आधी देणं हाही गुन्हाच, आणि त्यानं तोंड उघडलं असतं तर आम्ही दोघंही अडकलो असतो. जानकीला अजून बोललो नाही. फार भीती वाटते आहे.

लहान भावावरचं छत्र काढू नकोस.

रमाकांत


पुणे, १५ डिसेंबर १९५८

चि. रमाकांत यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. तुझं आलेलं मी कपाटात कुलूप लावून ठेवलं आहे.

मीच तुला लिहायला लावलं, आणि आता मीच सांगते, तो कागद म्हणजे पुरावा नव्हे. मन आठवताना रचतंही. दोन आठवड्यांनी बसून लिहिलेल्यात एखादा आवाज सुटला, म्हणून तो नव्हताच असं होत नाही. जबाबात एवढंच लिही की नेहमीप्रमाणे काम केलं, अधिक आठवत नाही. यात खोटं काहीच नाही. जानकीची तब्येत अशी, बकुळ पाच वर्षांची. क्वार्टर सोडावं लागलं तर कुठं जाल? विठोबाचं वाईट वाटतं, पण मी त्याला पाहिलेलं नाही. तुला मी कडेवर वागवलं आहे.

तुला माझा राग आला तरी चालेल, पण एवढं ऐक. ताईनं आजवर तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

वसुंधरा


झाशी, २८ डिसेंबर १९५८

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अठराला मिळालं, आणि जबाब मी सतराला देऊन बसलो होतो. ते एक दिवस आधी आलं असतं तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. टपालाला उशीर झाला ते बरं झालं, एवढंच म्हणतो. फाडलं मात्र नाही.

चारच ओळी लिहिल्या. नंबर मी सकाळी मागून घेतला, दुपारी फोन केला नाही, विठोबाला गाडीची खबर नव्हती. साहेबांनी विचारलं, हे आधी का सांगितलं नाही. मी म्हणालो, माझाच माझ्यावर विश्वास होता. त्यांनी तेही लिहून घेतलं. नंबर आधी घ्यायची रीत किती दिवसांची, असं विचारलं. मी सांगितलं, रोजची. त्यामुळे बाकीचे मास्तर चिडले आहेत. त्यांतला दिवाकर माझ्याबरोबर सहा वर्षं एकाच डब्यातून ड्यूटीवर येत होता, आता दुसऱ्या डब्यात बसतो.

विठोबा परत फाटकावर गेला. त्याला ताकीद मिळाली, पण नोकरी राहिली. मला गाड्यांच्या कामावरून कायमचं काढलं, आता मालधक्क्यावर कारकून आहे. क्वार्टरही लहान मिळेल. जानकीनं एवढंच विचारलं, आधी मला का नाही सांगितलंत.

इस्पितळात जाऊन जगन्नाथला भेटलो. पाय वाचला, पण लंगडत चालावं लागेल. मी कोण ते सांगितलं. तो गेलेल्या बैलाबद्दलच बोलत राहिला. त्याचं नाव मोती. वासरू असल्यापासून त्याच्याकडे होता. माझ्यावर तो रागावला नाही, आणि माफ केलं असंही म्हणाला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जाईन.

तो उतारा व्याख्यानासाठी हवा असेल तर खुशाल वापर. तुझं मागणं मी मोडलं, निदान हे तरी तुझ्या उपयोगी पडो.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

रमाकांत


पुणे, ४ जानेवारी १९५९

चि. रमाकांत यास,

काल व्याख्यान झालं. तुझा उतारा वाचला नाही. पिशवीत घेऊन गेले होते, तो बाहेर काढायला हात धजला नाही.

शेवटी इंदिरा नावाच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं की मनात येतं तसंच उतरवायचं, तर त्यात लिहिणाऱ्याचं असं काय राहिलं. मी तयार ठेवलेलं उत्तर दिलं, निवड, लय, शब्दांची मांडणी वगैरे. तिचं समाधान झालं, माझं झालं नाही. घरी येऊन कपाट उघडलं आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. विठोबा काय म्हणाला, असं तू दोनदा लिहिलं आहेस. पहिल्यांदा ते मनात आपसूक आलं असेल. दुसऱ्यांदा नाही. तिथं तू ‘फाटक लावतो म्हणाला’ असं लिहून पुढं गेला असतास तर कुणालाच कळलं नसतं. तुलासुद्धा ते खरंच वाटलं असतं. मी इतकी वर्षं ही पुस्तकं शिकवते आणि मला हे दिसलं नव्हतं. उलट मी तुला काय सांगितलं, तर पत्र फाडून टाक, आठवत नाही म्हण.

मला त्याची फार लाज वाटते, रमाकांत. मी तुझ्यासाठी घाबरले हे खरं, पण घाबरून एका म्हाताऱ्या माणसाचं घर बुडू द्यायला तयार झाले, हेही तितकंच खरं आहे. महिनाअखेरीला सुट्टी काढून येते. लहान क्वार्टरमध्ये एका माणसाची जागा होईल ना? जानकीला म्हणावं, सामान हलवायला मी आहे. आणि मला विठोबाला भेटायचं आहे.

वर मी आशीर्वाद लिहिलेला नाही, तो विसरून राहिलेला नाही. वयानं मोठी असले तरी या खेपेला तो लिहायचा मला हक्क वाटत नाही. तेव्हा रीत मोडून, थोरल्या बहिणीचा धाकट्या भावाला नमस्कार. तो परत पाठवू नकोस.

वसुंधरा