पाणी न पिणाऱ्या बायका

प्रिय बाई,

तुम्ही निवृत्त झालात आणि कॉलेजातला तुमचा संशोधनाचा तास माझ्या गळ्यात पडला. आज लिहायला बसले, कारण उद्या अकरा वाजता एका मुलीच्या प्रकल्पाच्या विषयावर मला सही करायची आहे.

रूपाली तिचं नाव. आधी तिनं सगळे आणतात तेच आणलं, 'कांदा व्यवसायातील महिला कामगारांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास'. तालुका बदलला की झाला नवा विषय! तुमच्यासारखीच मी लाल काट मारली. म्हटलं, "कांदे निवडतात तिथं दिवसभर बस. बघून जे कोडं पडेल ते लिहून आण. एसटीच्या तिकिटामागं मावेल एवढंच."

ती विंचूरजवळ एका व्यापाऱ्याच्या कांदा निवडायच्या खळ्यावर जाऊन बसली. परत येऊन तिकीट पुढं केलं : 'कांदा निवडणाऱ्या बायका दिवसभर पाणी का पीत नाहीत?'

तुम्ही असतात तर वर्गात टाळी वाजवली असतीत! मला मात्र पुढचं दिसलं. खळ्यावर बायकांसाठी संडास नाही. आणि रूपालीची आई तिथंच कामाला आहे. मुकादमानं बायकांना विचारलंही, "कुणाची पोरगी ही? लय प्रश्न इचारती." उद्या आईचं काम गेलं तर?

घाबरून मी म्हणाले, "राहू दे गं, जुनाच विषय घे."

ती म्हणाली, "मग मॅडम, मला पाठवलं कशाला?"



मीही एकदा तुमच्या वर्गात खरा प्रश्न आणला होता, आठवतं? सातबाऱ्यावर सुनेचं नाव का नसतं? सासरी कळेल म्हणून दोन दिवसांत मागे घेतला आणि कसलातरी 'चिकित्सक अभ्यास' केला. तुम्ही एक अक्षर न बोलता सही केलीत. एवढ्या कडक तुम्ही, तेव्हाच गप्प का बसलात हो? नुसतं 'का गं?' विचारायचं! त्याचा राग अजून आहे मला.

उद्या पहिल्या गाडीनं रूपालीच्या घरी जाते. तिच्या आईला सगळं सांगून विचारते. ती नको म्हणाली तर खळं बदलू, गाव बदलू. प्रश्न बदलणार नाही. दुसऱ्या खळ्यावरही मुकादम असेलच. तिथं मी रूपालीच्या शेजारी बसेन. त्यानं कुणाची पोरगी विचारलं, तर माझी म्हणून सांगेन. शब्द देते, बाई. भीती वाटतेच आहे, तरी देते.

तुमच्या लाल पेनाला अजून भिणारी,
सुनंदा