डाव्या कानामागची गाठ

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि तुझ्याशी खरं बोलायची सवय मला नव्हती, तेव्हा हे पत्र तसं बिनकामाचंच. मी आता कवटीच्या तळाशी गाठ असलेल्यांच्या वॉर्डात काम करते. गाठ केवढी, मेंदूच्या देठाला किती टेकली, वय, चाल, सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं की तो अंदाज देतो: ऑपरेशननंतर चेहरा सरळ राहील का, गिळता येईल का. तो अंदाज घरच्यांना आणि पेशंटला समजावून सांगायचा, ही माझी ड्युटी. तुझ्या वेळी सर्जन स्वतःच्या अनुभवावरून काय तो अंदाज सांगायचे.

तुझी गाठ आम्हाला कळलीच नाही, कारण यंत्रमागांच्या नारपोलीत ऐकू कोणाला येतं? आयुष्यभर लूमच्या खडखडाटात तू सुताच्या कांड्या भरल्यास. तिथे बोललेलं ऐकू येत नाही, बायका एकमेकींचे ओठ बघून बोलतात. तू फोन उजव्याच कानाला लावायला लागलीस तेव्हा आम्ही हसायचो, लूमनं एकच कान खाल्ला म्हणून. गल्लीतल्या डॉक्टरनंही मशीनचा आवाज म्हणून कानात घालायचे थेंब दिले. अगं, लूम काय एकाच कानाशी वैर धरतो? तो दोन्ही कान नेतो. शिकलेली असून मला हे सुचलं नाही. तू भिंत धरून चालायला लागलीस तेव्हा कुठे स्कॅन झाला.

सर्जन काचेच्या केबिनमध्ये मला सांगतायत, तू बाहेर बाकावर बसली आहेस. “जीव बहुतेक वाचेल. पण चेहरा वाकडा होईल आणि गिळणं जाण्याची भीती जास्त, नळीनं भरवावं लागेल. नाही केलं तर वर्ष-दोन वर्षं मिळतील, त्यातली बरीच चांगली जातील. आईंना विचारा.” मी बाहेर येऊन म्हणाले, “पंधरा दिवसांत घरी, आई. काही होत नाही.” तू पिशवी उचलून उठलीस. “बरं. तू सांगतेस ना, मंग करू.” आणि ऑपरेशनच्या आधी चार दिवस दिघाशीला माहेरी जाऊन राहिलीस. कोणाकडे चहासुद्धा न घेणारी बाई, घरोघर जेवलीस. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, सुकट. मी म्हटलं, “दुष्काळातून आलीस का?” तू म्हणालीस, “खाऊन घेते गं.”

सर्जन बोलले तसंच झालं. जीव वाचला, चेहरा गेला, गिळणं गेलं. शेजारी कोणी सुकट भाजली की तू तोंड भिंतीकडे फिरवायचीस. सात महिने नळी, मग लाळ छातीत उतरली आणि न्यूमोनिया झाला. तुझे दिवस झाल्यावर तुझ्या शेजारच्या मशीनवरची मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, “तुझ्या आयला समदं ठावं होतं. काचेतून डाक्टरचं ओठ वाचलं तिनं. मला बोलली, पोर खोटं बोलली, किती जिवावर आलं असंल तिच्या. आता मी न्हाय कशी म्हनू?”

हे मी कित्येकांना सांगितलंय, तुझं कौतुक म्हणून. तिला माहीत होतं, तिनंच ठरवलं, असं. तेवढंच मला बरं वाटतं. पण तू कुठे ठरवलंस? ठरवलं मी. आणि तुला धीर द्यायला म्हणूनही मी खोटं बोलले नव्हते. खरं कळलं तर तू नको म्हणशील याची मला भीती होती, आणि वर्ष-दोन वर्षांवर माझं भागणार नव्हतं.

आज तुझ्याच वयाची एक बाई आली होती, गाठही तशीच. मुलगी मला मागून हातानं गप्प राहा, गप्प राहा करत होती. तरी मी सगळं सांगितलं, नळीचंसुद्धा. बाई पदराचं टोक चाळवत म्हणाली, “नको मग. माझ्या हातानं जेवता आलं पाहिजे.” मुलगी रडली, मग तिनंच आईच्या पायात चपला सरकवल्या. डॉक्टर म्हणाले, छान समजावलंत. छान समजावलं, ते मलाही कळतं. हा कागद कपाटातच राहील म्हणून लिहिते आई: त्या दोघी लिफ्टकडे जात होत्या आणि मला त्या मुलीचा राग आला. तिची आई आज घरी जाऊन जेवणार होती.