नव्या वस्तूंच्या यादीची आणि माझ्या इतर चीजवस्तूंची विल्हेवाट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, बस-आगाराच्या सुट्या भागांच्या भांडारातून भांडारपाल म्हणून निवृत्त, हा कागद पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. लाडीगोडी लावायचा प्रयत्न पुतण्याने केला. तो कसा फसला ते कलम पाचमध्ये येईल.

पुढच्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाला, ‘काळजी करू नका, आमचं रोजचंच काम आहे.’ त्याचे रोजचे असेल, माझे पहिलेच आहे. नवी झडप कोणी तपासली, किती दाबाला टिकते, असे विचारले तर तो हसला. एकतीस वर्षे मी नवा माल प्रश्न विचारल्याशिवाय आत घेतला नाही, आणि प्रश्नांना हसणारे पुरवठादार पुढे कसे निघाले तेही पाहिले आहे. म्हणून हा कागद.

याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते एकच होते, आणि त्याचीच घाण निस्तरायला हे लिहावे लागत आहे.

कलम एक. घरातल्या वस्तू. लाकडी कार्ड-कपाट, भिंग, रबरी शिक्के आणि निळ्या शाईची पेने भाचीला. आईचे भिंतीवरचे घड्याळ भाचीच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, ‘दुरुस्तीला नेते गं’ म्हणून नेले, त्याला सत्तावीस वर्षे झाली. दुरुस्ती अजून चालू आहे. ते घड्याळ मी तिलाच देते, म्हणजे निदान ते चोरीचे राहणार नाही.

माजी आगारप्रमुखांना काही नाही. प्रत्येक सुट्या भागाला एक कार्ड ही माझी पद्धत स्वतःची म्हणून दाखवून त्यांनी बढती घेतली, आणि माझ्या निरोपाच्या वेळी माइकवर म्हणाले, ‘आमच्या बाई म्हणजे या आगाराची आई!’ मी कोणाची आई नव्हते. मी भांडारपाल होते. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी आम्हांला शिकवले होते की जिथली वस्तू तिथे ठेवावी आणि ज्याचे श्रेय त्याला द्यावे. गृहस्थ दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत गेले असावेत.

कलम दोन. बँकेत असेल ते, लॉकर धरून, भाचीला. ‘लॉकर धरून’ हे शब्द नंतर घातले आहेत. कोणाच्या सांगण्यावरून, ते कलम आठमध्ये.

कलम तीन. खेळाविषयी. वकिलाला आणि पुढे कोर्टाला समजावे म्हणून सविस्तर लिहिते. भाची चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि उरलेल्या वेळात एक खेळ चालवते. संगणकावर एक बेट आहे. चारशेच्या आसपास माणसे आपापल्या घरून एकाच वेळी त्या बेटावर जातात, घरे बांधतात, मासे धरतात, भांडतात. मूळ खेळ एका कंपनीचा. त्यात हौशी माणसांनी घातलेल्या भरीला मॉड म्हणतात, आणि हा मॉड भाचीचा. भर म्हणजे मुख्यतः वस्तू. जाळे, शिडी, कंदील, सांडशी. नवी वस्तू कोणीही सुचवावी. पण ती बेटावर जाण्यापूर्वी कोणीतरी तिचे नाव, वजन, ती कशाची बनते आणि किती वापरानंतर मोडते, हे ठरवून तिचे कार्ड भरावे लागते. मग दोघांनी मिळून ती वापरून पाहावी लागते, कारण एकाच्या हातात शहाण्यासारखी वागणारी वस्तू दुसऱ्याला देताना कधी एकाच्या दोन होते, कधी नाहीशी होते.

सहा वर्षांपूर्वी भाची म्हणाली, ‘मावशी, घरात बसून पुतण्याला शिव्या घालण्यापेक्षा माझी यादी तरी नीट कर.’ तेव्हापासून मी दोन्ही करते.

आता झडपेचे कळल्यावर ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाली, ‘तू नसलीस तर मी बंद करणार सगळं. मला एकटीला नाही झेपत.’

‘अगं, चारशे माणसांची घरं आहेत तिथे.’

‘मग त्या चारशेंतल्या एकाला तरी वाटू दे ना, की हात लावावा!’

एकसष्ट वस्तू तपासायच्या राहिल्या आहेत. हे काम नीट करील असा माणूस मिळाल्याशिवाय मला त्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवे व्हायचे नाही.

कलम चार. स्वयंसेवकांविषयी. भाचीने खेळाच्या फलकावर ‘वस्तू तपासायला स्वयंसेवक हवेत’ अशी सूचना लावली. एका आठवड्यात एकेचाळीस जण आले. स्वयंसेवक हा शब्द आता कानावर पडला तरी मला शिसारी येते.

एकाने आपल्या सेवाभावावर तीन परिच्छेद लिहिले आणि दुसऱ्या दिवसापासून गायब झाला. एकाने फक्त एवढे विचारले, ‘काम मिळाल्यावर माझं नाव कुठल्या रंगात दिसेल?’ मी म्हटले, ‘काम केलंत तर सांगते.’ रंग अजून ठरायचा आहे. एकाने एका दुपारी ऐंशी वस्तू मंजूर केल्या. त्यातल्या एका बादलीचे वजन त्याने घरापेक्षा जास्त ठेवले होते. ती बादली बेटाच्या धक्क्यावर तीन आठवडे तशीच पडून होती. कोणाला उचलता येईना, आणि होड्या तिला वळसा घालून जात. विचारले तर म्हणतो, ‘बाई, एवढं कोण बघतं?’

मी बघते! हे सांगायला सहा वर्षे पुरली नाहीत, म्हणून मृत्युपत्रात लिहिते.

पण सगळ्यांत नीच निघाला तो ‘सेनापती’. खेळातले नाव हेच, आणि बोलणे लोण्यासारखे. ‘आई, तुम्ही विश्रांती घ्या, मी आहे ना.’ (पुन्हा आई!) त्याने स्वतः सुचवलेली तलवार स्वतःच तपासली आणि स्वतःच मंजूर केली. दगडी भिंत तिच्यापुढे पापडासारखी मोडत होती, आणि ती फक्त त्याच्या टोळीकडे होती. दोन दिवसांत उत्तर किनारा साफ झाला. तिथे एका परिचारिकेने आणि तिच्या नवऱ्याने चौदा महिने खपून दीपगृह बांधले होते. दोघांच्या पाळ्या वेगळ्या, म्हणून भेट व्हायची ती त्या दीपगृहावरच. तिने मला लिहिले, ‘बाई, पुन्हा बांधायचं बळ नाही आता.’ तलवार मी काढून टाकली, सेनापतीला हाकलले. दीपगृह परत आणता आले नाही. त्या दोघांची मी या कागदातून क्षमा मागते. ज्याने मागायची तो मागणार नाही.

कलम पाच. राहते घर. आधीच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की जो कोणी नव्या वस्तूंचे काम सांभाळील त्याला हे घर मिळावे. मला वाटले, मी फार हुशार आहे. वकिलाच्या कारकुनाच्या तोंडाला झाकण नाही, त्यामुळे चार दिवसांत सात उमेदवार दारात. पहिला माझा पुतण्या. तो घरे विकून देण्याचा धंदा करतो, आणि काका गेल्यापासून अकरा वर्षांत त्याला ही काकू आठवली नव्हती.

आत आला तो बसण्यापूर्वी बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून पाण्याचा जोर पाहून आला. मग म्हणाला, ‘काकू, मला लहानपणापासून गेम्सची फार आवड हो.’

‘अस्सं? मग ही शिडी तपास.’

बेटावर जाण्यापूर्वी वस्तू वापरून पाहायला एक वेगळे मैदान आहे. तिथे मी त्याला नेले. एका स्वयंसेवकाने मंजूर केलेली लोखंडी शिडी मी मुद्दाम तशीच ठेवली होती. पुतण्याने लांबूनच पाहिली. ‘छान आहे. पास.’

‘चढून पाहिलीस?’

‘काकू, शिडीच आहे ती!’

‘चढ.’

तो चढला. वरच्या पायरीवर पाय ठेवला की त्या शिडीला माणूस चिकटतो. पुढे जाता येत नाही, मागे उतरता येत नाही, उडीही मारता येत नाही. मी चहा केला, प्यायले, कप विसळून ठेवला.

‘काकू, उतरू कसा?’

‘शिडीच आहे रे ती.’

‘गंमत पुरे झाली आता. उतरवा ना मला!’

‘उतरवीन. पण का चिकटलास ते शोध, मग.’

त्याने शोधले नाही. संगणक तसाच सोडून उठला, चपला घातल्या आणि जाताना दाराच्या चौकटीवर बोटाने टकटक करून लाकूड कसे आहे ते पाहिले. उरलेल्या सहांची हकीगत लिहीत नाही, कागद वाया जाईल. त्या दिवशी मला कळले की चूक त्यांची नव्हती, माझी होती. घरासाठी आलेला माणूस घर तपासणार. त्याने वस्तू तपासाव्यात ही अपेक्षाच खुळेपणाची होती. सबब हे घर मी भाचीला देते, कुठल्याही अटीशिवाय. तिने मॉड चालवावा की बंद करावा, त्याचा घराशी संबंध नाही. पुतण्याला काही नाही. तो अजून त्या शिडीवर आहे, तिथेच राहू दे.

कलम सहा. खुसपट. या नावाचे कोणी तरी खेळात आहे. बाई की बुवा, तरुण की माझ्या वयाचे, मला माहीत नाही आणि मी विचारलेले नाही. मी मंजूर केलेल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूवर सहा वर्षे त्याची हरकत आलेली आहे. ‘दोरीचं वजन कोरड्या दोरीचं की ओल्या?’ ‘कंदील पाण्यात पडल्यावर विझत नाही. असा कंदील मी तरी पाहिला नाही.’ कधी नमस्कार नाही, कधी आभार नाहीत. मी त्याला काय काय म्हटले आहे ते सिस्टरांनी ऐकले असते तर माझे तोंड साबणाने धुतले असते. आणि दर वेळी चरफडत जाऊन पाहावे, तर कंदील खरोखर पाण्याखाली जळत असे.

कार्ड शेवटपर्यंत वाचणारा माणूस चारशेंत हा एकच. मग एकेचाळीसांत तो का नव्हता? गेल्या आठवड्यात मान खाली घालून मीच विचारले. उत्तर आले: ‘सूचनेत लिहिलं आहे, मनमिळाऊ आणि हसतमुख स्वभाव आवश्यक. मी बसत नाही.’

मी भाचीला फोन केला. ‘हे मनमिळाऊ कोणी घातलं?’

‘मी. चांगलं दिसतं ना, मावशी.’

‘मी मनमिळाऊ आहे?’

ती म्हणाली, ‘अगं बाई.’

कलम सात. नव्या वस्तूंची यादी, एकसष्ट राहिलेल्या वस्तू आणि त्या मंजूर करण्याचा अधिकार मी माझ्या मृत्यूनंतर खुसपटाला देते. सोबत घर नाही, पैसा नाही, आभार नाहीत. वकील म्हणाला, ‘बाई, खेळ कंपनीचा, मॉड भाचीचा. त्यात तुमचं काय आहे द्यायला?’ मी म्हटले, ‘सहा वर्षं.’ ‘ती मालमत्तेत धरत नाहीत.’ ‘तुमच्याकडे धरत नसतील. मी लिहिणार.’

कलम आठ. हा मसुदा मी खुसपटाला वाचायला पाठवला. न विचारता कोणाच्या गळ्यात काम बांधू नये, एवढी रीत मला कळते. दुसऱ्या दिवशी चौदा हरकती आल्या. बँकेत असेल ते म्हणजे लॉकर धरून की सोडून? कार्ड-कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत? (पिठाच्या डब्यामागे.) बहिणीला घड्याळ देताय, पण तुमच्या ताब्यात नसलेली वस्तू तुम्ही देता कशी? बारा हरकती मी मान्य केल्या. घड्याळाची फेटाळली.

चौदावी कलम सातवर होती. ती जशीच्या तशी उतरवते. ‘मेल्यावर कशाला? सोमवारपासून यादी द्या. तपासायला दोघं लागतातच. दुसऱ्या तुम्ही. ऑपरेशननंतर तीन आठवडे सुट्टी धरली आहे, त्याहून जास्त मिळणार नाही.’

इतका उद्धट मजकूर मला आयुष्यात कोणी लिहिला नव्हता. सोमवारी सकाळी मी यादी दिली. दुपारपर्यंत पहिली वस्तू परत आली, पाणचक्कीचे पाते. ते कार्ड माझे स्वतःचे, आणि त्यात चार चुका दाखवलेल्या. पाते घेऊन आम्ही दोघे मैदानात गेलो आणि एकमेकांना सतरा वेळा दिले-घेतले. अठराव्या वेळेस एकाची दोन झाली. खुसपट लिहिते, ‘बघा.’ मी लिहिले, ‘दिसतंय मला.’ चारही चुका खऱ्या होत्या. मला स्वतःचीच किळस आली.

भाचीला कळवले तर ती म्हणाली, ‘म्हणजे बंद नको करू ना मी?’

‘नको. पण दोघांना सांभाळावं लागेल तुला.’

‘देवा! मावशी, मला तू एकटीच पुरून उरत होतीस गं.’ आणि फोनवर रडू लागली. रडण्यासारखे त्यात काय होते ते मला समजले नाही. मी फोन ठेवला नाही, एवढेच.

सबब कलम सात मी माझ्या हाताने रद्द करते. हयातीत देऊन झालेली वस्तू मृत्युपत्रात पुन्हा देता येत नाही, असे वकील म्हणतो, आणि या एका बाबतीत त्याचे बरोबर आहे. झडप टिकली तर चौथ्या सोमवारी मी कामावर हजर असेन. न टिकली तर खुसपटाने दुसरा माणूस स्वतः शोधावा. मग कळेल त्याला.

वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि खाडाखोड आहे तिथे तिथे आद्याक्षरे घातली आहेत.

सही: निवृत्त भांडारपाल (पूर्ण नाव व पत्ता सोबतच्या कागदावर)

साक्षीदार. या कागदातून आपल्याला काहीही मिळणार नाही, हे दोघांना आधी सांगितले. तरी सही केली.

१. तळमजल्यावरचे दंतवैद्य. (सही)
२. समोरच्या दारातल्या शिवणकामाच्या बाई. (सही. करण्यापूर्वी त्यांनी सगळा कागद वाचला, हे नमूद करते.)

स्थळ: माझे जेवणाचे टेबल, तिसरा मजला
तारीख: वीस, शुक्रवार, सकाळचे साडेदहा