सतरावा खण

४ मार्च १९७४

कर्टिस पेल खुनाच्या खटल्यातून सुटला.

मी बारा मिनिटं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होते. नॉर्मा हॅचच्या मानेतून काढलेली गोळी पेलच्या रिव्हॉल्व्हरची का? मी म्हणाले — त्याच बनावटीच्या. त्याचीच, असं सांगता येत नाही. नळीतल्या खाचांच्या गोळीवर उमटतात त्या खुणा जुळत नाहीत. त्याने नळी आतून घासली असावी, असा माझा तर्क. तर्क कोर्टात सांगत नाहीत.

बाहेर डिटेक्टिव्ह डूडेकने गाठलं. "काय भिंगवाली, घातलास ना घोळ! बरं, आपल्या आपल्यात सांग — त्याचीच ना?"

नॉर्माची आई बाकावर बसली होती. मांडीवर मुलीचा कोट.

मी म्हणाले, "त्याचीच असणार."

९ मार्च

पेल गोदीमागे सापडला. दोन्ही गुडघे फोडलेले, मग तोंडात गोळी. शवागारातून पाकीट आलं. तीन गोळ्या. एकीला दाताचा तुकडा चिकटलेला — चिमट्याने सोडवला.

आमचे साहेब, ओस्ट्रो, म्हणाले, "चला, शहराची झाडलोट फुकटात!" सगळे हसले. मीही.

११ मार्च

जप्त हत्यारं वर्षातून दोनदा पोलाद कारखान्याच्या भट्टीत जातात. त्याआधी प्रत्येकातून एक गोळी पाण्याच्या टाकीत झाडून मी खणात ठेवते. नियम नाही, माझी सवय. कोणाला माहीत नाही.

खण सतरा, पाकीट चाळीस. त्यातली गोळी पेलच्या अंगातल्या तिन्ही गोळ्यांशी रेष न् रेष जुळते.

ती ज्यातून झाडली ते रिव्हॉल्व्हर ऑक्टोबरमध्ये वितळलं आहे! फक्त कागदावर. आपल्यासमोर वितळल्याची साक्षीदार म्हणून सही — वॉल्टर डूडेक.

१२ मार्च

ओस्ट्रोंना सांगितलं नाही. नॉर्माची आई आज नीट झोपली असेल.

१५ मार्च

डूडेक आला. कॉफी, जेलीचे डोनट, काखेत फाइल.

"हा लोनी क्रेब्स. बायकोला घरात कोंडून जाळलं. पुरावा शून्य. काडेपेटी, रॉकेलचा डबा, सगळं तुझ्याकडे आलं होतं. तुझं मत?"

मी विचारलं, "पेल मरताना काय म्हणाला?"

पापणीही हलली नाही. "नाही म्हणत होता. पहिला गुडघा गेला तरी नाहीच. दुसऱ्यानंतर हो म्हणाला." बोटावरची साखर चाटली. "मी अंदाजाने माणूस मारत नाही, पोरी. तू सांगितलंस, म्हणून मारला."

"सोमवारी सांगते," मी म्हणाले.

फाइल टेबलावर ठेवून गेला. डोनटही.

१८ मार्च, सोमवार

सकाळी एका दारूच्या गुत्त्यावरच्या धाडीतलं रिव्हॉल्व्हर आलं. पेलचं होतं त्याच बनावटीचं. नेहमीप्रमाणे पाण्यात झाडलं. नेहमीप्रमाणे ती गोळी न उलगडलेल्या खुनांतल्या गोळ्यांशेजारी भिंगाखाली धरली.

नॉर्माच्या गोळीशी जुळली. पूर्ण. तीनदा पाहिलं, मग गोळ्यांच्या जागा बदलून चौथ्यांदा.

पेलने नळी घासली नव्हती. त्याची गोळीच नव्हती ती.

साडेअकराला डूडेकचा फोन. "बोल भिंगवाली. क्रेब्सच ना?"

"माहीत नाही."

"अगं, आपल्या आपल्यात!"

ठेवून दिला.

सतरावा खण उपसून अख्खा ओस्ट्रोंच्या टेबलावर नेऊन ठेवला आहे. त्यावर ठेवायला या वहीतलं ४ मार्चचं, माझ्या 'त्याचीच असणार'चं पान फाडते आहे.