वरून ओतलेलं विरजण

अण्णा, गेल्या महिन्यात तुमचं विरजण माझ्याकडून मोडलं. परगावी गेले होते, कामात अडकले, परतायला उशीर झाला. वाटीत तळाशी उरलेल्या दह्यावर गुलाबी बुरशी होती. तरी मी ती दुधात ढवळून पाहिली. सकाळी पातेल्यात नुसतं नासलेलं पाणी आणि चोथा. ओट्यापाशी उभी राहून मी ते बोटानं हलवत राहिले आणि मला आपल्या धरणाखालच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवलं.

त्या स्वयंपाकघराचा खिडकीकडचा कोपरा तुमचा होता. मत्स्यबीज केंद्रात तुम्ही सुपरवायझर. कुठल्याशा मासिकात वाचलं होतंत की माशांच्या लहान पिल्लांच्या खाद्यात चांगले जीवाणू मिसळले तर त्यांचं पोट सुधारतं, मरतूक कमी होते. प्रोबायोटिक हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकला, तोही आई भाकरी थापत असताना. पावडर मिळण्यासारखी नव्हती. मग घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या आपल्या गाईचं दही घेऊन तुम्ही ते भाताच्या भिजवलेल्या कोंड्यात आणि शेंगदाण्याच्या पेंडीत मुरवायला लागलात. रोज जुन्या मडक्यातलं थोडं नव्या मडक्यात. कोंड्यावर जगायची त्याला सवय लागली पाहिजे, म्हणायचात. घरभर आंबूस वास. आई म्हणायची, "मानसांच्या ताटात दही न्हाई, अन् माशांचा पाहुनचार चाललाय! उद्या त्यास्नी पाटावर बसवा." तुम्ही हसायचात आणि तिच्या विरजणाच्या वाटीतही तुमच्या मडक्यातलं चमचाभर हळूच टाकायचात.

कॉलेजला सुट्टी होती म्हणून एके दिवशी मी तुमच्याबरोबर गावातल्या तात्यांच्या मळ्यावर आले. दोन वर्षं त्यांच्या तळ्यातली रोहू-कटल्याची पिल्लं बोटभर होण्याआधीच मरत होती. औंदाही मेली तर तळं बुजवून तिथं ऊस लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. तुम्हाला एक तळं हवं होतं, तुमचं म्हणणं करून पाहायला. तुमच्या हातात कडीचा डबा होता. तात्यांच्या बायकोनं, वहिनींनी, डब्याकडं पाहिलं आणि विचारलं, "आमच्या घरात इरजन न्हाई व्हय, साहेब?" तुम्ही समजावून सांगितलं: हे कोंड्यावर वाढवलेलं आहे, रोज मूठभर खाद्यात थोडंसंच मुरवायचं. त्या आत गेल्या. एक कोरं मडकं आणून त्यांनी गोठ्याच्या भिंतीशी ठेवलं आणि चार पावलं मागं सरल्या. "वरूनच वता."

आपण बौद्ध आहोत हे त्या गावाला तुमच्या आडनावावरून पहिल्याच दिवशी कळलेलं होतं. तुम्ही वाकलात आणि डब्याचा काठ मडक्याला लागू न देता ओतलंत. धार जरा हलली, थोडं मातीत सांडलं. तुम्ही चपलेनं त्यावर माती लोटलीत.

परतताना स्कूटरवर मागून मी म्हणाले, "तुम्हाला वरून ओतायला लावलं."

"माशाला कुठं कळतंय?"

"तुम्हाला कळतं ना?"

तुम्ही गिअर बदललात. "तळं जगू दे. मग बघू."

तळं जगलं नाही. तात्यांचा निरोप आला तेव्हा आपण दोघं गेलो. पिल्लं पाण्यावर येऊन तोंडं वासत होती, कडेला पांढरा थर. पाण्याला ताकाचा वास. बांधावर गाव जमलेलं. "साहेब, तुमच्या औषधानं तळं बसलं," तात्या म्हणाले. आणि वहिनी, भाबडेपणानंच, "मी तर हात आखडला न्हाई. घागर-घागर वतलं, चांगलं दाट." तेव्हा मी गोठ्याकडं पाहिलं. ते मडकं जागच्या जागी होतं, काठोकाठ, वर वाळलेला पापुद्रा आणि माश्या. तुमच्या विरजणाला कुणी हातही लावला नव्हता. घरचं ताक ओतून पाणी नासवलं होतं. तुम्हीही ते मडकं पाहिलंत. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं. प्रमाण नीट सांगायला पाहिजे होतं." कुणीतरी मागून म्हणालं, "शिकलेलं मानूस, माशाला ताक पाजतंय." सगळे हसले. तुम्हीही.

त्या दिवशी मी तुम्हाला भेकड म्हणाले. घरी येऊन, आईसमोर. तुम्ही हात धुताय, पाठमोरे, आणि बराच वेळ हातच धुताय. मग म्हणालात, "मडक्याचं सांगितलं असतं तर ते तसंच का राहिलं तेही सांगावं लागलं असतं. त्यांच्या दारात, त्यांच्या तोंडावर. मग त्या तळ्यावर मला पुन्हा कोण येऊ देईल?"

पुढच्या हंगामात तुम्ही पुन्हा डबा घेऊन गेलात. तात्यांना काय सांगून राजी केलंत, मला ठाऊक नाही. या खेपेला वहिनींनी घरातली पितळी वाटी आणली आणि हातात धरून पुढं केली. पिल्लं जगली. एका तळ्यावरून काही सिद्ध होत नाही, पाऊसही वेळेवर झाला, असं तुम्ही म्हणत राहिलात. वहिनी मात्र गावभर सांगत होत्या, "आमच्या घरच्या इरजनानं मासं जगलं." मी चिडले. तुम्ही म्हणालात, "आता ते रोज तिच्या घरच्या दुधाला लागतंय ना? मग तिच्याच घरचं."

आता खरी गोष्ट. मी पेपरात लागले त्या वर्षी पुरवणीला मजकूर कमी पडत होता, संध्याकाळपर्यंत लेख हवा होता. मी ते तळं लिहिलं. एक शेतकरी बाई, तिच्या स्वयंपाकघरातलं विरजण, जगलेली पिल्लं. वहिनी सांगायच्या तसंच, शब्दाला शब्द. तुम्ही त्यात 'एक अधिकारी' होतात, एका वाक्यापुरते. मडकं नव्हतं, वरून ओतणं नव्हतं. ते लिहिलं असतं तर माझ्या नावाखाली आपण कोण ते कचेरीत सगळ्यांनी वाचलं असतं. तुम्ही गप्प राहिलात तेव्हा तुमच्यापुढं एक तळं होतं. माझ्यापुढं काहीच नव्हतं. तुम्ही चष्मा लावून लेख वाचलात, घडी केलीत आणि म्हणालात, "भाषा साधी आहे. चांगलं झालंय." भेकड हा शब्द परत द्यायची याहून चांगली वेळ तुम्हाला मिळाली नसती. तुम्ही दिला नाहीत. मीही मागे घेतला नाही.

विरजण मोडल्यावर मी रविवारी तात्यांच्या मळ्यावर गेले; तुमचं विरजण आता तिथंच उरलं होतं. तात्या नाहीत आता. वहिनी थकल्या आहेत, पण ओळखलं. मी डबी पुढं केली. त्यांनी माझ्या हातासकट ती आपल्या तळव्यात धरली आणि चमच्यानं दही घातलं. त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

"जपून ने," त्या म्हणाल्या. "सासूच्या सासूपासनं चालत आलंय. आमच्या घरचं इरजन कदी मोडलं न्हाई."

अण्णा, मी म्हणाले, "हो, वहिनी." आणि डबीचं झाकण लावलं.