चॅपलच्या तळाची फळी

४ डिसेंबर
रुचिर आज पुन्हा ते कार्ड घेऊन बसला! कार्डावर परदेशातलं नदीकाठचं गाव, बर्फात आठ कोपऱ्यांचं इवलंसं चॅपल. तिथलं जुनं चर्च पुरानं खचलं, पाडलं. पण नाताळच्या शांत रात्रीचं ते गाणं पहिल्यांदा तिथंच म्हटलं गेलं, म्हणून आठवणीला हे बांधलं. नगरला त्याचे बाबा तेच गाणं मराठीत म्हणायचे. "जनाभाऊ, नाताळला लाकडाचं करून दे की! तुझा हात साफ आहे." स्वतः सुतार, आणि मस्का मला!

७ डिसेंबर
तळासाठी तुकडा मिळाला. परांचीची फळी तडकली की इथं आखातात, आमच्या गाला भागातल्या वर्कशॉपात, तिच्या टोकाला लाल फुली मारतात — हिच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. तसल्या एका फळीचं टोक वीतभर कापून घेतलं. लाल बाजू खाली जाईल, कुणाला दिसतेय!

१० डिसेंबर
रुचिर पडला. अल मवालेहच्या साइटवर, दुसऱ्या मजल्यावरून. पायाखालची फळी मोडली.

११ डिसेंबर
कमरेखाली काही हलत नाही. मुनीरभाई, आमचे सुपरवायझर, रिपोर्ट लिहून मोकळे — "फुली देखी नहीं, चढ गया. गलती उसकी." रुचिर एकच घोकतोय, "फुली नव्हती हो! मी बघूनच चढलो." कोण ऐकतंय?

१३ डिसेंबर
चॅपल जोडायला घेतलं. तळ उलटा केला. फुली इथं आहे. माझ्याकडे!
उरलेली फळी मी फोडून टाकणार होतो. तेवढ्यात "यल्ला, चला, गाडी भरा!" झालं. ठेवली चांगल्या फळ्यांच्या थप्पीवर. नुसती ठेवली हो! थप्पी तशीच गाडीत गेली.

१७ डिसेंबर
सांगितलं तर नोकरी खलास, वर पोलीस. घरी बायकोला, कलावतीला, काय सांगू? नाही सांगितलं तर दोष जन्मभर रुचिरच्या माथी. रोज मुनीरभाईंच्या केबिनपर्यंत जातो, परत येतो. भेकड साला मी!

२० डिसेंबर
तळाला हिरवी मखमल चिकटवली.

२४ डिसेंबर
चॅपल घेऊन हॉस्पिटलात गेलो. रुचिर ते गाणं गुणगुणत होता. मला बघून हसला. हातात घेतलं आणि पहिलं काय केलं? उलटं! सुतारच तो, सांधा बघणारच. मखमलीचा कोपरा नखानं उचकटला.
त्याचं बोट खालच्या लाल फुलीवर थांबलं.
"जनाभाऊ, उरलेली फळी कुठं ठेवलीस?"
मी सांगितलं.