बारशाआधी गेलेली

सोलापूर

ती. आईच्या पायांवर डोकं ठेवून,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

बालमृत्यूंच्या सर्व्हेत आमचा आकडा दुसऱ्या संस्थेपेक्षा कमी आला, म्हणून साहेब चिडलेत. आम्ही विचारतो, "लेकरं किती?" बारशाआधी गेलेलं लेकरू बाया त्यात धरतच नाहीत. त्या संस्थेची माणसं विचारतात, "बाळंतपणं किती?"

काल ती माणसं आमच्याच दारात आली. मी बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "एकच की. आमचा ओजस."

दिवसभर मी लोकांची गेलेली लेकरं मोजते गं. माझी लेक मात्र कुणीच धरली नाही.

आई, नातेपुत्यात कुणी विचारलं, तर तू तरी दोन सांग. नाव ठेवलं नव्हतं, पण ती रडली होती. तू ऐकलंस ना?

तुझी,
ज्ञानदा